वकिलीचे पेढे

मंडळी, आपल्याकडे एक म्हण आहे, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ घरातले वडीलधारे माणूस ती सांगते, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणता ना कोणता दावा उभा असतो. कोणाचा बांधाचा, कोणाचा वाटणीचा, कोणाचा कुळाचा. तारखांवर तारखा पडल्या, बैल विकले, दागिने गहाण पडले, आणि निकाल लागला तोवर दोघेही पक्षकार देवाघरी गेले होते. अशा गोष्टी गावोगाव सापडतात आणि त्या काही खोट्या नाहीत.

पण गंमत पाहा. ज्या गावात ही म्हण दिवसातून दोनदा ऐकू येते, त्याच गावात एखादी मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली, की आई दारात औक्षणाचे तबक घेऊन उभी राहते, बाप घरोघर पेढे वाटतो, नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागतो. कोर्टाची पायरी चढू नये म्हणता, आणि ती रोज चढायला निघालेल्या पोरीला हार घालता, हे कसे? आज हाच प्रश्न घेऊन तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. त्या इतिहासाच्या आहेत, पण शेवटी आपल्या अंगणात येऊन पोचणार आहेत.

अंगण म्हणून आपण रबाळे घेऊ. ठाण्याहून बेलापूरकडे जाताना ऐरोलीच्या पुढे, घणसोलीच्या अलीकडे हे गाव लागते. आज तिथे रेल्वेचे स्थानक आहे, कारखाने आहेत, उंच इमारती आहेत. पण मूळचे गाव आगरी-कोळ्यांचे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. मध्ये भातखाचरे, खाजणे आणि मिठागरे. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ आणि बारा महिने खाडीची मासळी, असा या पट्ट्यातला जुना संसार. अशा गावातल्या घरात वकिलीची पदवी आली, तर तिचे पेढे वाटावेत की नाही? वाटावेत, तर कशासाठी? आधी जरा मागे जाऊ, मग उत्तर शोधू.

मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याच्या आधीच, १८५५ साली, मुंबईत कायदा शिकवण्याची सरकारी सोय सुरू झाली होती. आजचे शासकीय विधी महाविद्यालय ते हेच. विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांनी पुढे १८६६ साली कायद्याची पदवी घेतली, आणि १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता शिक्षक मंडळींनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परीक्षेत पास झाला, एवढ्याने विद्यार्थी पदवीधर होत नसे. पदवीदानाचा समारंभ भरायचा, अंगावर झगा चढायचा, आणि सगळ्या सभेसमोर कुलपती त्याला बजावत, की या पदवीला शोभेल असे वाग. परीक्षा ही विद्यार्थी आणि त्याचा परीक्षक यांच्यातली गोष्ट. समारंभ ही विद्यार्थी आणि समाज यांच्यातली गोष्ट. लग्न रजिस्टरात लिहिले जाते, तरी चार माणसांसमोर अंतरपाट धरतातच की नाही? त्याचे कारण हेच. चार माणसे साक्षीला असली, म्हणजे पुढे मागे विचारणारे कोणी राहते.

हा समारंभ नाकारला गेला तर काय होते, हेही आपल्याच मातीतल्या एका बाईच्या आयुष्यात पाहायला मिळते. कॉर्नेलिया सोराबजी हे त्यांचे नाव. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. कॉलेजशिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेतला त्यांचा क्रमांक असा होता, की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती बाईमाणसाला देता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा विलायतेतल्या काही मंडळींनी वर्गणी जमवली आणि कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्या तिथली कायद्याची मोठी परीक्षा पास झाल्या. पास झाल्या खऱ्या, पण पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्डमध्ये त्या काळी बायकांना परीक्षेला बसू देत, पदवी देत नसत!

बाई हिंदुस्थानात परत आल्या. संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या घरांतल्या पडदानशीन बायकांची इस्टेटीची गाऱ्हाणी त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली, अर्ज लिहिले, सल्ला दिला. काम वकिलाचे, पण मान वकिलाचा नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायचे ठरवले ते १९२० साली, आणि कॉर्नेलियाबाईंनी आपली पदवी प्रत्यक्ष घेतली १९२२ साली. परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी! तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, स्त्रियांना वकिली करता यावी म्हणून हिंदुस्थानात कायदा झाला.

पंचावन्नाव्या वर्षी पदवी घ्यायला ती बाई का गेली असेल, बरे? कायदा तर तिला आधीच येत होता. पदवीने तिच्या ज्ञानात एक अक्षर वाढले नसेल. पण चारचौघांसमोर ‘ही आमची कायद्याची पदवीधर’ असे म्हटले गेले, की मागून येणाऱ्या मुलीला कोणी ‘तुला देता येत नाही’ असे सहज म्हणू शकत नाही. म्हणून मी म्हणतो, की गावात मुलगी वकील झाली तर तिचा सत्कार मुलाच्या सत्कारापेक्षा तसूभरही कमी करू नका. तो एकट्या तिच्यासाठी नसतो. पाचवीच्या बाकावर बसून पाहणाऱ्या पोरींसाठीही तो असतो.

म्हणजे सगळेच सोहळे चांगले का? तसे नाही. आता दुसरी बाजू ऐका, आणि तीही एका थोर माणसाच्या आयुष्यातली.

मोहनदास करमचंद गांधी १० जून १८९१ रोजी लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. ११ तारखेला त्यांनी तिथल्या हायकोर्टात नाव नोंदवले आणि १२ तारखेला बोटीत बसले. इकडे राजकोटला त्यांचे थोरले बंधू वाट पाहत होते. भाऊ बॅरिस्टर होऊन येतोय, आता पैशाला तोटा नाही, अशी त्यांची खात्री. समुद्र ओलांडला म्हणून जातवाल्यांनी गांधींना वाळीत टाकले होते. ते मिटावे म्हणून बंधूंनी त्यांना आपल्या नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले आणि राजकोटला परतल्यावर जातीचे जेवण दिले. घरातली राहणीही बॅरिस्टराला शोभेल अशी केली. चिनी मातीची भांडी आली, चहाकॉफीच्या जोडीला कोको आला, विलायती पोशाख आला, आणि त्याबरोबर खर्चही आला.

आणि कमाई? गांधी मुंबईला वकिली करायला आले. पहिल्या खटल्याची फी तीस रुपये. स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले, तर डोके गरगरले, तोंडातून शब्द फुटेना. मटकन खाली बसले आणि फी परत करून निघून आले. पुढे एका शाळेत रोज एक तास इंग्रजी शिकवण्याची पंचाहत्तर रुपयांची जागा निघाली म्हणून अर्ज केला. तिथेही नकार, कारण बॅरिस्टर असले तरी ते विद्यापीठाचे पदवीधर नव्हते! हे सारे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितले आहे, काही एक न लपवता.

आता या सोहळ्यात चुकले काय? भावाची माया खोटी नव्हती. पण त्या जेवणाने आणि त्या कपबशांनी तरुणाच्या पाठीवर ओझे ठेवले. पोरगा आता कमावणार, घराचा खर्च भागवणार, हीच त्यातली अपेक्षा. आजही वकिलीची पहिली तीन-चार वर्षे बहुतेकांना उमेदवारीतच काढावी लागतात. मोठ्या वकिलाच्या हाताखाली कागद लिहायचे, तारखा सांभाळायच्या, हातात येईल ते घ्यायचे. अशा वेळी घरच्यांनी कर्ज काढून गावजेवण घातले असेल, तर ते कर्ज फेडायच्या घाईत पोरगा वाकड्या वाटेला लागतो. गरीब अशिलाकडून जास्त पैसे घेतो, मिटणारा तंटा मिटू देत नाही. आपली म्हण जन्माला आली ती अशाच वकिलांच्या दारात. म्हणून सोहळा करताना पहिला नियम हा, की त्याचे ओझे पदवीधराच्या पाठीवर पडता कामा नये.

मग चांगला सोहळा कसा असतो? त्याची गोष्ट आता सांगतो. तो सत्कार वकिलीच्या पदवीचा नव्हता, शाळेतल्या परीक्षेचा होता. पण त्यातून जो वकील उभा राहिला, तसा दुसरा या देशाने पाहिला नाही.

तुम्ही ओळखलेच असेल. भीमराव रामजी आंबेडकर. मुंबईत परळच्या चाळीत राहणारा, एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा मुलगा. त्याच्या समाजातला मुलगा एवढे शिकला, याचे लोकांना अप्रूप वाटले आणि त्यांनी सभा भरवून त्याचे अभिनंदन करायचे ठरवले. हा प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी १९०७ सालचा, मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा म्हणून सांगितला आहे. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली लिहिलेल्या आठवणीत तो इंग्रजी चौथीच्या वेळचा म्हटला आहे. इयत्ता कोणतीही धरा, मुख्य गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

बाबासाहेबांच्या आठवणीत एक मोठी मनोज्ञ हकिकत आहे. लोक परवानगी मागायला रामजी सुभेदारांकडे गेले, आणि सुभेदारांनी साफ नकार दिला. पोरगा नुसती परीक्षा पास झालाय, आणखी काय केलेय त्याने? उगाच डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. बापाचे म्हणणे चूक होते का? मुळीच नाही. आपल्यापैकी पुष्कळ बाप असेच म्हणतील. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार. छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि गौतम बुद्धांचे मराठी चरित्र लिहिणारे. चर्नी रोडच्या बागेत एकटाच पुस्तक वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरलेला होता. त्यांनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा झाली.

त्या सभेत केळुसकरांनी मुलाला एक पुस्तक भेट दिले, आपणच लिहिलेले बुद्धाचे चरित्र. त्या एका पुस्तकाचा धागा पुढे १९५६ सालच्या ऑक्टोबरात नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत गेला, हे आपण सारे जाणतोच. पण सभेतून निघालेले आणखी धागे आहेत आणि ते आजच्या विषयाचे आहेत.

पहिला धागा पैशाचा. मुलाचे पुढचे शिक्षण अडले, तेव्हा हेच केळुसकर त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्याच मदतीने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले, आणि १९२२ साली ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर झाले. ज्याने सभेत हार घातला, त्याने सभा संपल्यावर हात सोडला नाही. सत्काराला आलेल्या माणसाची खरी परीक्षा इथे असते.

दुसरा धागा कायद्याचा. कीरांच्या चरित्राप्रमाणे त्या १९०७ च्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. हे भंडारी समाजातले पुढारी, पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. आता तारखा जुळवून पाहा. १९२३ च्या जुलैत आंबेडकरांनी मुंबईत वकिलीला सुरुवात केली. सनदेचे पैसेही जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. आणि पुढच्याच महिन्यात, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, बोल्यांनी कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेली वा सरकारच्या ताब्यातली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे करावेत. सोळा वर्षांपूर्वी ज्या मुलाच्या सत्काराच्या खुर्चीवर आपण बसलो, तो मुलगा कोर्टात उभा राहायला आणि आपण कायदेमंडळात उभे राहायला एकच वेळ यावी, हा केवढा योग!

त्या ठरावाच्या आधारावर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. प्रत्यक्ष पाण्याला हात लावायची कोणाची छाती होईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याले. पुढे डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, की तळे खाजगी आहे, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम आणला. माणसे जमलेली, रक्त तापलेले. पण बाबासाहेबांनी हुकूम मानला आणि भांडण कोर्टात लढवायचे ठरवले. ते किती दिवस चालले? मनाई हुकमापासून सव्वानऊ वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई हायकोर्टाने अखेरचा निकाल दिला. अनादी काळापासून अशी रूढी होती हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे कोर्टाने म्हटले, आणि दावा फेटाळला गेला.

सव्वानऊ वर्षे! ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणून ती मंडळी घरी बसली असती, तर? पायरी त्यांनी हौसेने चढली नव्हती. विरोधकांनी त्यांना कोर्टात खेचले होते. आणि खेचल्यावर उभा राहायला घरचा माणूस होता. परळच्या त्या सभेत जमलेल्या गरीब लोकांनी, त्यांना ठाऊक नसताना, आपला वकील उभा करायला सुरुवात केली होती.

आता आपण रबाळ्याच्या अंगणात परत येऊ. कोणी म्हणेल, महाड कुठे आणि आमची भातखाचरे कुठे? तर ऐका.

खाडीपलीकडे कारखान्यांचा पट्टा १९६० नंतरच्या दशकात उभा राहू लागला. रबाळ्याच्या आसपासच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळासाठी १९६१ च्या कायद्याने गेल्या. मग १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची पाळी आली. सिडकोसाठीचे संपादन झाले ते इंग्रजांच्या वेळच्या, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने.

त्या कायद्याची एक मेख सांगतो. जमीन घेतल्यावर अधिकारी मोबदल्याचा निवाडा जाहीर करी. तो मोबदला कमी वाटला, तर कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे प्रकरण कोर्टाकडे पाठवायला सांगण्याचा हक्क शेतकऱ्याला होता. पण मुदत किती? निवाड्याच्या वेळी हजर असेल तर सहा आठवडे. हजर नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे, किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. आणि त्याहून बारीक गोष्ट अशी, की पैसे घेताना ‘हरकत राखून घेतले’ असे नोंदवावे लागे. न नोंदवता अंगठा उठवला, की निवाडा कबूल झाला आणि कोर्टात जाण्याचा हक्क गेला.

आता मनात चित्र उभे करा. खाचरात आयुष्य गेलेला माणूस, समोर इंग्रजी किंवा सरकारी मराठीतला कागद, टेबलावर नोटा. ‘हरकत राखून’ हे दोन शब्द लिहायला कोणी सांगितले, तर त्याच्या पोराबाळांना वाढीव मोबदल्याचा दरवाजा उघडा. कोणी सांगितले नाही, तर बंद. दोन शब्द, आणि सहा आठवडे! एवढ्यावर एका घराचे पुढचे दिवस टांगलेले. अशा वेळी गावात कायदा शिकलेली एक पोरगी असेल, तर तिची किंमत किती झाली? आणि गावाला ती मुलगी वकील आहे हेच ठाऊक नसेल, तर? सहा आठवडे असेच निघून जातील. पेढे वाटायचे ते यासाठी, की उद्या कागद आला तर कोणाच्या दारात जायचे ते साऱ्या गावाला कळावे.

१९८४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन २८-अ हे कलम आले. एकाच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टाने जास्त दर दिला, तर अर्ज न केलेल्यांनाही त्या निकालापासून तीन महिन्यांच्या आत तसाच दर मागता येऊ लागला. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. मोबदल्याचे गणित बदलले, पण दाद मागण्याची ती सहा आठवड्यांची मुदत नव्या कायद्यातही आहे. तेव्हा ही गोष्ट जुनी झाली, असे कोणी समजू नये.

याच मातीतला एक वकील सगळ्यांना माहीत आहे. उरण तालुक्यातल्या जासईचे दिनकर बाळू पाटील, लोकांचे दि. बा. जन्म १३ जानेवारी १९२६ चा. बी.ए., एल्‌एल्‌.बी. झाले, पनवेलहून अनेकदा आमदार झाले, कुलाब्याचे खासदार झाले. सिडकोच्या संपादनाविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हा त्यांच्या पुढे हेच होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून आणि पुढच्या वाटाघाटींतून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. १९९० नंतर ती नवी मुंबईच्या गावांना लागू झाली. हक्क मिळाला तो रक्त सांडून, संघटनेच्या बळावर, हे विसरता येणार नाही. पण मागणी नेमक्या शब्दांत मांडायला, कागदावर आणायला, कायदेमंडळात बोलायला कायदा शिकलेला माणूस पुढे होता, हेही तितकेच खरे. दि. बा. २०१३ साली गेले. आजही या पट्ट्यात त्यांचे नाव आपल्या घरातल्यासारखे घेतात.

तर मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊ. वकिलीचे पेढे वाटावेत का? वाटावेत, अवश्य वाटावेत. मात्र ते गावाचे पेढे असावेत, एकट्या घराचे नसावेत. आता ते कसे करायचे, याबद्दल दोन-तीन सूचना करतो. पटल्या तर घ्या.

पहिली सूचना पैशाची. कायद्याची पदवी मिळाली म्हणजे वकिली सुरू झाली, असे होत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते, अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, काळा कोट आणि पुस्तके घ्यावी लागतात. नाव नोंदवण्याची फी पूर्वी राज्याराज्यांत फार फुगली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निकाल दिला, की कायद्यात आहे तेवढीच घ्यावी. ती सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५. तेव्हा शाल, नारळ आणि फलक यांवर जाणारे पैसे वाचवा आणि त्यांतून कायद्याची चार चांगली पुस्तके द्या. भथेनांनी सनदेचे पैसे दिले, केळुसकरांनी पुस्तक दिले. याहून चांगला आहेर मला तरी सुचत नाही.

दुसरी सूचना शिक्षकांना. सत्काराची सभा देवळात किंवा हॉलमध्ये न घेता शाळेत घ्या. नव्या वकिलाला भाषण करायला लावू नका, काम करायला लावा. मुलांसमोर सातबारा वाचून दाखवायला सांगा. कब्जेदार कोण, इतर हक्क कोणाचे, फेरफाराचा आकडा काय, हे आठवीच्या मुलाला समजेल असे सांगता आले, तर पदवी खरी. मोठ्या माणसांनी आपापल्या घरची एखादी नोटीस बरोबर आणावी. तासभर कागद वाचले जातील, आणि त्या तासात एखाद्या घराची चुकणारी मुदत सापडेल.

तिसरी सूचना पदवीधराला. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, गरीब माणसे यांना सरकारकडून फुकट वकील मिळण्याची सोय १९८७ च्या कायद्याने झालेली आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात तिची कचेरी असते. ही गोष्ट गावात पुष्कळांना ठाऊक नसते. सत्काराच्या उत्तरात तू लांबलचक आभार मानू नकोस, एवढी एक माहिती सांग. आणि जो तंटा पंचांसमोर मिटण्यासारखा आहे, तो मी कोर्टात नेणार नाही, असे गावासमोर बोलून टाक. बोललेले पाळणे सोपे नाही. पण साक्षीला गाव असले, की बोललेले विसरणेही सोपे राहत नाही.

आणि रामजी सुभेदारांचे म्हणणेही कोणी विसरू नका. नुसती परीक्षा पास झालाय, आणखी काय केलेय? हा प्रश्न सत्काराच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी हळूच विचारावा. त्याचे उत्तर त्या दिवशी मिळणार नाही. ते दहा-वीस वर्षांनी मिळते.

आपल्या म्हणीबद्दल शेवटी एवढेच. म्हातारी माणसे ती सांगतात, ते पोळलेले असतात म्हणून. त्यांना नावे ठेवू नका. पण पायरी आपण चढलो नाही, तरी नोटीस घरी येतेच. ती आली, की ज्या घरचे पेढे खाल्ले त्या घरचे दार ठोठवा. आणि त्या घरच्या वकीलबाईंनी किंवा वकीलसाहेबांनी, रात्रीचे जेवण अर्धे टाकून का होईना, उठून तो कागद आधी वाचावा.